शत्रूवर विश्वास नसताना शांतता कशी टिकते?

१९६२च्या ऑक्टोबरात क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं होतं. त्या दिवसांत वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन मॉस्कोला निरोप कसा पाठवत होते? आधी मजकूर सांकेतिक आकड्यांत बदलायचा. मग वेस्टर्न युनियन या तार कंपनीला फोन करायचा. कंपनीचा एक तरुण सायकलवरून दूतावासात यायचा, कागद घ्यायचा आणि तार ऑफिसकडे निघायचा. हा पोरगा वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबू नये, एवढीच प्रार्थना करणं आमच्या हाती होतं, असं दोब्रिनिन यांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे.

मॉस्कोहून येणाऱ्या निरोपांची गतही फार वेगळी नव्हती. २६ ऑक्टोबरला सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांनी अमेरिकी अध्यक्ष जॉन केनेडींना लिहिलेलं लांबलचक पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासात आलं, त्याचं भाषांतर झालं, मग ते तुकड्यातुकड्यांनी तारेने गेलं. ते संपूर्ण हाती पडायला जवळपास १२ तास लागले. त्याला काय उत्तर द्यायचं याची चर्चा चालू असतानाच मॉस्को रेडिओने ख्रुश्चेव यांचं दुसरं, पहिल्यापेक्षा कडक पत्र वाचून दाखवलं. एका खंडातून दुसऱ्या खंडात क्षेपणास्त्र पोचायला साधारण अर्धा तास लागतो. पत्राला १२ तास लागत होते.

महासत्तांमधली शांतता म्हटलं की आपल्याला हस्तांदोलनाचे फोटो आठवतात. दोन नेते भेटले, त्यांचं जमलं, मनं मोकळी झाली आणि तणाव निवळला, अशी ती गोष्ट असते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वैराकडे नीट पाहिलं तर ही गोष्ट फारशी खरी वाटत नाही. त्यातल्या बहुतेक काळात कुणाचं मन मोकळं झालं नव्हतं. दोघांनी एकमेकांवर हेरगिरी केली, एकमेकांची सरकारं कोसळावीत अशी इच्छा बाळगली, आणि तरी थेट युद्ध झालं नाही. त्यात नशिबाचा वाटा मोठा होता, हे आधीच मान्य करून टाकू. उरलेला वाटा मात्र काही अगदी रटाळ व्यवस्थांचा होता: थेट तारा, आधी कळवण्याचे नियम, मोजणी, तपासणी. समोरचा खोटं बोलेल हे गृहीत धरूनच त्या आखल्या होत्या, आणि माझ्या मते म्हणूनच त्या चालल्या.

निरोप पोचला नाही तर

क्यूबाच्या पेचप्रसंगातला सगळ्यात भयंकर दिवस २७ ऑक्टोबर. त्या दिवशी क्यूबावर यू-२ हे अमेरिकी टेहळणी विमान पाडलं गेलं आणि वैमानिक रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. दुसरं एक यू-२ उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर असताना वाट चुकून थेट सोव्हिएत हद्दीत शिरलं. आणि क्यूबाजवळच्या समुद्रात अमेरिकी युद्धनौका सोव्हिएत पाणबुड्यांना वर यायला भाग पाडण्यासाठी कमी ताकदीचे सरावाचे बॉम्ब पाण्यात टाकत होत्या.

हे बॉम्ब फक्त इशाऱ्याचे आहेत, असं अमेरिकेने मॉस्कोला आधीच कळवलं होतं. ते पाणबुड्यांपर्यंत पोचलंच नाही. बी-५९ या पाणबुडीत उकाडा असह्य झालेला, हवा कोंदलेली, बाहेर एकामागून एक स्फोट. वर युद्ध पेटलेलं असणार, असं कप्तान वालेंतिन सावित्स्की यांना वाटलं. या पाणबुडीवर अण्वस्त्र बसवलेला एक टॉर्पेडो होता आणि त्याची अमेरिकी नौदलाला कल्पना नव्हती. सावित्स्की तो टॉर्पेडो सज्ज करायला निघाले होते आणि त्याच बोटीवर असलेले वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केलं, असं बोटीवरच्या एका सहकाऱ्याने अनेक वर्षांनी सांगितलं. तपशिलांवर वाद आहेत. पण इशाऱ्याचा अर्थ ज्याला कळायला हवा होता त्यालाच तो कळवला गेला नव्हता, यावर वाद नाही.

पेच सुटला तो उघड आणि गुप्त अशा दोन वाटांनी. क्यूबावर हल्ला करणार नाही, हे अमेरिकेचं उघड वचन. तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत काढून घेऊ, हे गुप्त वचन. २७ तारखेच्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी ते दोब्रिनिन यांना तोंडी दिलं आणि बाहेर फुटता कामा नये अशी अट घातली. ते बराच काळ बाहेर आलंही नाही. जॉन केनेडींनी डोळे वटारले आणि ख्रुश्चेव मागे हटले, हीच गोष्ट जगभर पसरली. तिच्यामुळे नुकसान झालं असं मला वाटतं, कारण पुढच्या कित्येक राजकारण्यांनी त्यातून ताठ राहण्याचाच धडा घेतला. प्रत्यक्षात समोरच्याला माघारीची वाट ठेवली होती आणि तिची किंमतही मोजली होती.

पुढच्याच वर्षी, २० जून १९६३ रोजी, जिनिव्हात दोन्ही देशांनी थेट संपर्काच्या करारावर सह्या केल्या. ३० ऑगस्टला ही ‘हॉटलाइन’ सुरू झाली. चित्रपटांत दिसतो तसा लाल टेलिफोन तिथे कधीच नव्हता. होते टेलिप्रिंटर. प्रत्यक्ष बोलणं मुद्दामच टाळलं होतं: बोलताना आवाज चढतो, घाईत शब्द निसटतो, दुभाषा चुकतो. लिहिलेला मजकूर पुन्हा वाचता येतो आणि उत्तराआधी चार माणसांना दाखवता येतो. प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहायचं आणि भाषांतर घेणाऱ्याने करायचं, असा नियम होता.

ही तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी फिरून मॉस्कोला जात होती. अमेरिकेने पाठवलेला पहिला चाचणी संदेश म्हणजे इंग्रजीतली सगळी अक्षरं ज्यात येतात ते चपळ तपकिरी कोल्ह्याचं वाक्य. सुरुवातीच्या काळात डेन्मार्कमध्ये एका बुलडोझरने ती तोडली आणि फिनलंडमध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराने. जगाचं भवितव्य ज्या तारेवर अवलंबून, तिची ही अवस्था! राखीव म्हणून ताँजियरमार्गे रेडिओची सोय होती ते बरं.

तिचा खरा कस लागला जून १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात. लिबर्टी या अमेरिकी जहाजावर इस्रायलने हल्ला केला तेव्हा मदतीसाठी अमेरिकी विमानवाहू नौकांवरून विमानं झेपावली. ही विमानं युद्धात उतरायला निघाली आहेत, असा समज मॉस्कोत होणं अगदी साहजिक होतं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हॉटलाइनवरून पंतप्रधान अलेक्सेई कोसिगिन यांना कळवलं की विमानं फक्त त्या जहाजाकडे चालली आहेत. या निरोपात मैत्री नव्हती आणि तत्त्वचर्चाही नव्हती. पुढच्या तासाभरात काय दिसेल आणि त्याचा अर्थ काय घेऊ नये, एवढंच त्यात होतं.

ढाल सुद्धा धोकादायक का ठरते

दोन बलाढ्य देश एकमेकांना इतके घाबरतात कशाला? याचं उत्तर कोणीतरी दुष्ट असतो म्हणून, असं असेलच असं नाही. जॉन हर्झ या अभ्यासकाने १९५०च्या सुमारास मांडलेला ‘सुरक्षेचा पेच’ इथे उपयोगी पडतो. एक देश निव्वळ स्वसंरक्षणासाठी शस्त्रं वाढवतो. दुसऱ्याला ती शस्त्रं दिसतात, हेतू दिसत नाही. म्हणून तो आपली वाढवतो. ते पाहून पहिल्याला वाटतं, बघा, आपला संशय बरोबरच होता. दोघेही प्रामाणिक असले तरी हे चक्र फिरत राहतं, आणि दोघेही पूर्ण प्रामाणिक नसल्यामुळे ते आणखी वेगाने फिरतं.

अण्वस्त्रांनी यात एक विचित्र पीळ घातला. समजा दोन्ही देशांकडे एकमेकांना बेचिराख करण्याइतकी अस्त्रं आहेत, आणि पहिला वार सोसूनही उलट वार करण्याइतकी अस्त्रं शिल्लक राहतील अशी दोघांना खात्री आहे. मग पहिला वार करण्यात काहीच फायदा नाही. पण यातल्या एकाने समोरून येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी मजबूत ढाल उभारली तर? कागदावर ती संरक्षणाची सोय. समोरच्याच्या डोळ्यांना ती अशी दिसते: हा आधी आपल्यावर हल्ला करेल, आपली बहुतेक अस्त्रं उद्ध्वस्त करेल, आणि उरलीसुरली आपण डागली की ती ढालीवर अडवेल. म्हणजे ढाल पूर्ण व्हायच्या आत काहीतरी केलं पाहिजे, किंवा ढाल फोडण्याइतकी अस्त्रं वाढवली पाहिजेत.

म्हणून २६ मे १९७२ रोजी रिचर्ड निक्सन आणि लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी मॉस्कोत एबीएम, म्हणजे क्षेपणास्त्ररोधक अस्त्रांच्या, करारावर सह्या केल्या, तेव्हा त्यांनी मर्यादा घातली ती ढालींवर. प्रत्येकाला दोनच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त १०० क्षेपणास्त्ररोधक अस्त्रं ठेवता येतील. १९७४ मध्ये ती ठिकाणं एकावर आणली. दोन सरकारांनी आपापल्या नागरिकांना मुद्दाम उघडं ठेवायचं ठरवलं. नैतिकदृष्ट्या हे अंगावर काटा आणणारं आहे, आणि तसं म्हणणारे तेव्हाही होते. पण हिशोब म्हणून तो बरोबर होता. २००२ मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली. त्यानंतर रशियाने अशी ढाल चुकवणारी नवी अस्त्रं बनवायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये व्लादिमीर पुतिन यांनी ती जाहीर करताना याच निर्णयाकडे बोट दाखवलं.

त्याच वेळी शस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणारा पहिला सॉल्ट करारही झाला. या वाटाघाटी १९६९ मध्ये हेलसिंकीत सुरू झाल्या होत्या. सोव्हिएत शस्त्रांची चर्चा तिथे अमेरिकी हेरखात्याने काढलेल्या आकड्यांवर चालायची, कारण सोव्हिएत बाजू आपले आकडे द्यायलाच तयार नसे. एकदा जनरल निकोलाई ओगार्कोव्ह यांनी एका अमेरिकी प्रतिनिधीला बाजूला घेऊन विनंती केली की सोव्हिएत शस्त्रांचे तपशील आमच्याच मुलकी सहकाऱ्यांसमोर बोलू नका, ही माहिती त्यांच्यासाठी नाही! स्वतःच्या मुत्सद्द्यांपासूनही आकडे लपवणाऱ्या देशाबरोबर संख्येचा करार करायचा कसा?

मार्ग निघाला तो उपग्रहांनी. क्षेपणास्त्रांची कोठारं, पाणबुड्यांचे तळ, विमानतळ आकाशातून मोजता येत होते. करारात दोघांनी मान्य केलं की एकमेकांच्या या टेहळणीत अडथळा आणणार नाही आणि तिच्यापासून मुद्दाम काही लपवणार नाही. हेरगिरीला अशी अधिकृत मान्यता मिळाली. पुढच्या, शस्त्रकपातीच्या स्टार्ट करारात तर मोडीत काढलेली बॉम्बर विमानं कापून काही काळ उघड्यावर ठेवायची, म्हणजे समोरच्याच्या उपग्रहाला ते तुकडे दिसतील, अशी पद्धत पडली.

१९८३: रक्ताचा भाव आणि रात्रीचे दिवे

शीतयुद्धातलं धोक्याचं दुसरं टोक १९८३. त्या वर्षी मार्चमध्ये रोनाल्ड रेगन यांनी अंतराळातल्या क्षेपणास्त्ररोधक ढालीची योजना जाहीर केली. १ सप्टेंबरला वाट चुकलेलं एक दक्षिण कोरियाई प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली. २६ सप्टेंबरला मॉस्कोजवळच्या एका इशारा केंद्रात संगणकाने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं. पाळीवर असलेले स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी तो खोटा इशारा असल्याचं वर कळवलं. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करेल, हा त्यांचा तर्क होता. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

पेत्रोव्ह यांची गोष्ट आता बरीच माहीत झाली आहे. त्यापेक्षा मला केजीबी या सोव्हिएत हेरखात्याच्या ‘र्यान’ या मोहिमेत जास्त रस वाटतो. १९८१ पासून पाश्चात्त्य देशांतल्या सोव्हिएत हेरांना हुकूम होता की अणुहल्ल्याच्या तयारीची चिन्हं शोधा: लंडनच्या संरक्षण खात्यात रात्री किती खिडक्यांत दिवे आहेत, रक्तदात्यांना रक्ताचा भाव वाढवून दिला जातोय का. ब्रिटनमध्ये रक्तदानाला पैसेच मिळत नाहीत, हे मॉस्कोतल्या अधिकाऱ्यांच्या गावीही नव्हतं. आणि लंडनमधल्या हेरांचा स्वतःचा अशा हल्ल्यावर विश्वास नव्हता, तरी मागितलं म्हणून ते अहवाल पाठवत होते. ते अहवाल वाचून मॉस्कोची भीती वाढत होती. भीती स्वतःच आपला पुरावा कसा गोळा करते याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणार नाही.

हे सगळं बाहेर आलं ते ओलेग गोर्दिएव्हस्की यांच्यामुळे. ते केजीबीचे लंडनमधले अधिकारी आणि त्याच वेळी ब्रिटिशांचे हेर होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये नाटोने ‘एबल आर्चर’ हा अणुयुद्धाच्या आदेशांचा सराव केला तेव्हा सोव्हिएत हवाई दलाच्या काही तुकड्या सज्ज केल्या गेल्या. हा सराव खऱ्या हल्ल्याचा बुरखा असू शकतो, असा संशय त्यामागे होता. तो धोका नेमका किती होता यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. रेगन यांच्यावर मात्र परिणाम झाला. सोव्हिएत नेते अमेरिकेला खरोखरच घाबरतात, हे तीन वर्षं अध्यक्ष राहिल्यावर कळून आपल्याला आश्चर्य वाटलं, असं त्यांनी पुढे लिहिलं. आपण चांगले आहोत हे आपल्याला इतकं ठाऊक असतं की समोरच्यालाही ते दिसत असणार असं वाटतं. ही चूक फक्त अमेरिकेची नाही.

सरावांवर उपाय निघाला तो पुन्हा नियमांतूनच. सप्टेंबर १९८६ मध्ये स्टॉकहोममध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ३५ देशांनी ठरवलं की १३,००० सैनिकांहून मोठ्या सरावाची सूचना ४२ दिवस आधी द्यायची, १७,०००च्या पुढे परदेशी निरीक्षक बोलवायचे, आणि संशय आला तर जागेवर येऊन पाहणी करू द्यायची. शेवटची अट सोव्हिएत संघाने मान्य करणं ही मोठी बातमी होती. परदेशी अधिकाऱ्याला लष्करी भागात पाऊल ठेवू द्यायला मॉस्कोने तोवर जवळपास नेहमीच नकार दिला होता. १९६३च्या अणुचाचणी बंदीत भूमिगत चाचण्या सुटल्या त्या याच कारणाने: वर्षाला सात पाहण्या हव्यात, असं अमेरिका म्हणत होती आणि सोव्हिएत संघ तीनच्या वर जायला तयार नव्हता.

वोत्किन्स्कचं फाटक

मिखाईल गोर्बाचेव्ह १९८५ मध्ये सत्तेवर आले आणि नेते महत्त्वाचे नसतात असं मी म्हणत नाहीये, हे इथे सांगायला हवं. त्यांच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलंडच्या राजधानीत ते आणि रेगन सगळी अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या गोष्टीपर्यंत पोचले आणि अंतराळातल्या ढालीवरून बोलणी फिसकटली. पण हाती काही लागलं ते पुढच्या वर्षी, ८ डिसेंबर १९८७ला झालेल्या आयएनएफ करारात.

या कराराने ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची सगळी क्षेपणास्त्रं हद्दपार केली. १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाने १,८४६ आणि अमेरिकेने ८४६, अशी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. रेगन त्या काळात ‘विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा’ ही रशियन म्हण इतक्यांदा म्हणत की सहीच्या समारंभात गोर्बाचेव्ह यांनी त्यांना त्यावरून हसत टोकलं. म्हण छान आहे, पण करार वाचला तर तिचा पहिला अर्धा भाग त्यात कुठेच सापडत नाही.

उदाहरण घ्या. बंदी आलेल्या सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा आणि परवानगी असलेल्या एसएस-२५ चा पहिला टप्पा बाहेरून बरेच सारखे होते, आणि वोत्किन्स्क या शहरातल्या एकाच कारखान्यात ते तयार होत. म्हणजे परवानगीच्या क्षेपणास्त्राच्या नळकांड्यात बंदीचं क्षेपणास्त्र घालून बाहेर काढता आलं असतं. मग उपाय काय, तर कारखान्याच्या फाटकावर अमेरिकी निरीक्षकांनी कायम मुक्काम ठोकायचा. प्रत्येक बाजूला ३० जणांची परवानगी. फाटकातून बाहेर पडणारं प्रत्येक मोठं वाहन थांबवून मोजायचं, आणि आतली वस्तू क्ष-किरणांनी तपासायची, पण इतकीच की टप्पा कोणता ते कळावं आणि बाकीची रचना कळू नये. किती दाखवायचं यावरून १९९० मध्ये फाटकावरच वाद पेटला होता. तसेच सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्नाच्या कारखान्याबाहेर राहत होते. हे १३ वर्षं चाललं. बर्फात, कंटाळ्यात, फाटकाकडे बघत बसण्याचं काम. सोव्हिएत संघ बुडाला, तरी वोत्किन्स्कच्या फाटकावरची मोजणी चालूच राहिली.

पुढे याहून अजब एक व्यवहार झाला. रशियाच्या मोडीत काढलेल्या सुमारे २०,००० बॉम्बइतकं, म्हणजे ५०० टन, समृद्ध युरेनियम पातळ करून अमेरिकेने विकत घेतलं आणि वीज बनवायला वापरलं. १९९५ ते २०१३ या काळात अमेरिकेच्या विजेचा जवळपास दहावा हिस्सा या इंधनातून येत होता. १९८६ मध्ये जगात अण्वस्त्रांची संख्या ७०,०००च्या घरात होती. आज ती १२,०००च्या आसपास आहे.

ही शांतता कोणाची?

या सगळ्याला शांतता म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांशी लढले नाहीत. त्यांच्या वतीने कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान लढले आणि तिथे लाखो माणसं मेली. हेलसिंकी आणि जिनिव्हातल्या मेजांवर त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. महासत्तांनी आपसातला धोका आटोक्यात आणला तेव्हा तो इतरत्र सरकवलाही, असं कोणी म्हटलं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे. युद्ध टाळण्याची ही यंत्रणा न्यायाची यंत्रणा कधीच नव्हती. तरीही ती मोडली तर पहिला फटका त्याच गरीब देशांना बसेल, म्हणून तिच्या मोडण्यावर आनंद मानावा असंही नाही.

आणि ती मोडते आहे. एबीएम करार २००२ मध्ये गेला. आयएनएफ ऑगस्ट २०१९ मध्ये संपला; रशियाने बंदीतलं क्षेपणास्त्र बनवल्याचा आरोप करून अमेरिका बाहेर पडली, रशियाने आरोप नाकारला. २०१० मध्ये प्रागमध्ये झालेल्या न्यू स्टार्ट कराराने तैनात वॉरहेडवर, म्हणजे डागायला सज्ज ठेवलेल्या अणुबॉम्बांवर, १,५५० ची मर्यादा घातली होती आणि त्याखाली एकूण ३२८ पाहण्या झाल्या. कोविडमुळे २०२० मध्ये पाहण्या थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. युक्रेन युद्धाच्या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. कराराची वाढवलेली मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती आणि ती आणखी वाढवायची सोय करारात नव्हती.

मर्यादा जाण्यापेक्षा मोजणी जाणं मला जास्त काळजीचं वाटतं. आकडा १,५५० असो की १,८००, माणसं तितकीच मरतील. पण आकडा माहीत नसला की प्रत्येक बाजूचे लष्करी नियोजक सगळ्यात वाईट अंदाज धरून चालतात, आणि र्यान मोहिमेच्या कहाणीत दिसलेलं चक्र फिरू लागतं.

चीनचा वेगळा हिशोब

आता खेळाडू दोनच राहिलेले नाहीत. चीनकडे सुमारे ६०० अण्वस्त्रं असल्याचा अंदाज आहे आणि ती वेगाने वाढत आहेत. अमेरिका आणि रशियाकडे मिळून जगातली जवळपास ९० टक्के अस्त्रं आहेत, आधी त्यांनी कमी करावीत, असं बीजिंगचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नाही. लहान साठा असलेल्या देशाला आपला साठा नेमका कुठे आणि किती हे सांगणं म्हणजे शत्रूच्या हातात नकाशा देण्यासारखं वाटतं. जुन्या करारांमागे दोघांच्या साठ्यांची साधारण बरोबरी होती, इथे ती नाही.

संपर्काच्या सोयींबाबतही दृष्टी वेगळी आहे. १ एप्रिल २००१ रोजी हायनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक गेला, अमेरिकी विमान चिनी तळावर उतरलं. बीजिंगमधल्या अमेरिकी राजदूताच्या फोनला कित्येक तास उत्तर मिळेना. २००८ मध्ये दोन्ही संरक्षण खात्यांत थेट फोनची व्यवस्था ठरली. पण ४ फेब्रुवारी २०२३ला अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला चिनी फुगा पाडल्यावर अमेरिकी संरक्षणमंत्र्यांनी बोलणं मागितलं, तेव्हा चीनने नकार दिला.

वॉशिंग्टनमध्ये याला बेजबाबदारपणा म्हणतात. बीजिंगचा हिशोब असा दिसतो: आमच्या किनाऱ्याजवळ येणं तुम्हाला धोक्याचं वाटलं तर तुम्ही कमी याल, आणि अपघात हाताळण्याची सोय आम्ही करून दिली तर निर्धास्तपणे याल. शिवाय फोन न उचलणं हीच नाराजी दाखवायची पद्धत आहे. २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्यावर लष्करी संवाद तोडला गेला तो असाच. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये जो बायडेन आणि शी जिनपिंग यांच्या भेटीत पुन्हा सुरू झाला. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेने तैवानला शस्त्रं विकल्यावरून अण्वस्त्रांवरची बोलणी पुन्हा थांबली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ तरी सुरुवातीला कुठे शहाणे होते? हॉटलाइन आली ती क्यूबानंतर. समुद्रातल्या धडकाधडकीनंतर १९७२ मध्ये नौदलांचा करार झाला, आणि दोन्हीकडचे आरमारी अधिकारी दरवर्षी भेटून एकमेकांच्या तक्रारी वाचू लागले. आधी चांगली भीती बसावी लागते, असाच आजवरचा अनुभव आहे, आणि तो अनुभव पुन्हा घ्यायला कोणालाच सांगता येत नाही.

अलीकडे एका बाबतीत मात्र भीती बसायच्या आधी पाऊल पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे बायडेन आणि शी यांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहील, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती जाणार नाही. पेत्रोव्ह यांच्या जागी एखादं सॉफ्टवेअर असतं तर त्याने त्या पाच ठिपक्यांचं काय केलं असतं, हा विचार मनात आला की या घोषणेचं महत्त्व कळतं. तिच्यात एकच गोष्ट नाही: पडताळणीची तरतूद. एसएस-२० आणि एसएस-२५ मधला फरक वोत्किन्स्कच्या फाटकावर क्ष-किरणांनी दाखवता आला. एखाद्या देशाच्या आदेशयंत्रणेतलं सॉफ्टवेअर काय ठरवतं आणि माणूस काय ठरवतो, हे बाहेरच्याला दाखवायची पद्धत अजून कोणाकडेच नाही.